एअर बॉक्स फेकू नका: पेट्रोल गाडीला थंड हवा देण्याचं घरगुती काम, मोजमापासह

गॅरेजमध्ये जाऊन "इनटेक करायचाय" म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच काम होतं. कंपनीचा काळा प्लास्टिकचा एअर बॉक्स निघतो आणि त्या जागी एक चकचकीत पाइप व उघडा कोन फिल्टर बसतो. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी घुमते, त्यामुळे ती जास्त पळते असं वाटतं. पण एप्रिलच्या दुपारी, ट्रॅफिकमधून बाहेर पडताना हीच गाडी आधीपेक्षा कमी ओढते, कारण तो उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा पीत असतो.

हिशेब साधा आहे. हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना बॉनेटखाली ६५ अंश असतील, तर ३०८ भागिले ३३८ म्हणजे ०.९१. त्याच आकारमानात ९ टक्के हवा कमी. ढोबळ मानाने दर ३ अंशांना १ टक्का जातो. त्यात हवा तापली की ठोका (इंधन अवेळी भडकून होणारा खडखडाट) टाळण्यासाठी इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा गाडीतला कॉम्प्युटर, इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, तेव्हा ताकद आणखी थोडी उतरते.

म्हणून या लेखातलं काम वेगळं आहे. कंपनीचा बॉक्स, फिल्टर आणि बॉक्सपासून थ्रॉटलपर्यंतचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंतचा) रबरी बूट जागच्या जागी ठेवायचा. बदल फक्त बॉक्सच्या आधी करायचा: हवा कुठून येते, किती रुंद वाटेने येते आणि वाटेत किती तापते. इथे चूक झालीच तरी पुढे फिल्टर उभा असतो आणि इंजिनात कचरा जात नाही. घरी करायच्या कामात हा मोठा आधार आहे.

उदाहरणासाठी ११९७ सीसीचं, चार सिलिंडरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन घेतलं आहे. मारुतीचं के-सिरीज १.२ आणि ह्युंदाईचं कप्पा १.२ ही दोन्ही याच मापाची, त्यामुळे आकडे बऱ्याच वाचकांना जसेच्या तसे लागू पडतील.

हे काम कोणी करू नये

टर्बो डिझेल किंवा टर्बो पेट्रोल असेल तर थांबा. तिथे हवेची ओढ जबर असते, मऊ होज आत चेपतो आणि सुटलेला एखादा कण कॉम्प्रेसरच्या पात्यांपर्यंत पोचला तर खर्च टर्बोचा होतो. सीएनजी किट असेल तरीही नको. जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये इनटेकमध्येच बॅकफायर (गॅस उलटा पेटणं) होऊ शकतो आणि बॉक्सचं झाकण उडतं. शिवाय हवेचा अडसर बदलला की मिक्सरचं गॅसचं प्रमाणही हलतं. वॉरंटीतल्या गाडीवरही हात चालवू नका.

चौथी गोष्ट बरेच जण बघतच नाहीत. तुमच्या गाडीची मूळ नळी आधीच ग्रिलमागून, एसीच्या कंडेन्सरच्या पुढून हवा घेत असेल तर कंपनीने हे काम करून दिलेलं आहे. बॉनेट उघडा, बॉक्सच्या तोंडापासून नळीचा माग काढत जा. तोंड पुढच्या आडव्या पट्टीवर, ग्रिलच्या मागे उघडत असेल तर फक्त मोजमाप करा, मापं चांगली आली तर फिल्टर बदलून मोकळे व्हा. तोंड रेडिएटरच्या मागे किंवा इंजिनाच्या बाजूला उघडत असेल तर पुढे वाचा.

आधी मोजायचं: तापमान

लागणारी वस्तू: वायरला जोडलेल्या प्रोबचा साधा डिजिटल थर्मामीटर, फिश टँकसाठी मिळतो तसा. त्याची मर्यादा ८० अंशांच्या वर आहे ना ते पाहून घ्या. एक ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायचा, सेन्सरचे आकडे दाखवणारा) आणि मोबाइलवरचं ॲप असेल तर फारच छान.

ओबीडीवर दिसणाऱ्या इनटेक एअर टेंपरेचरवर एकट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर मॅनिफोल्डवर (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा वाटणाऱ्या नळ्यांवर), प्रेशर सेन्सरच्याच घरात असतो. तो मॅनिफोल्डची उष्णताही वाचतो. म्हणून प्रोब बॉक्सच्या खालच्या भागात, फिल्टरच्या आधीच्या बाजूला चिकटवा. ती बाजू मुद्दाम सांगतोय: प्रोब सुटला तरी फिल्टरच्या अलीकडेच राहील. वायर झाकणाच्या कडेतून काढू नका, तिथे फिल्टरचं सील दबत नाही. खालच्या भागाच्या तोंडातूनच बाहेर घ्या.

गाडी २० मिनिटं चालवून गरम करा. मग एसी चालू ठेवून ५ मिनिटं आयडलवर उभी ठेवा आणि आकडा लिहा. लगेच ६० च्या स्थिर वेगाने ५ मिनिटं चालवा, पुन्हा आकडा लिहा. दोन्ही वेळी बाहेरचं तापमानही लिहा. आपल्याला हवा असतो तो दोघांतला फरक.

६० च्या वेगाला फरक ५-६ अंशांच्या आत असेल तर तापमानाच्या बाजूने मिळवण्यासारखं काही नाही. १५ अंशांच्या वर असेल तर कामाला अर्थ आहे. उभ्या गाडीचा आकडा कुठल्याही गाडीत वाईटच येतो. त्यात महत्त्वाचं हे की गाडी हलल्यावर तो किती लवकर खाली येतो.

आधी मोजायचं: ओढ

ओढ म्हणजे इंजिन हवा खेचताना वाटेतल्या अडसराने दाब किती उतरतो ते. ती मोजायला गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. ६ मिमी आतल्या व्यासाची ५ मीटर नळी घ्या. एका फळीवर तिचा इंग्रजी यू आकार करून पट्ट्यांनी बसवा, दोन्ही पाय अर्ध्या मीटरचे. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, मागे मोजपट्टी चिकटवा. एक टोक मोकळं, दुसरं इंजिनकडे. इंजिनकडच्या टोकाच्या वाटेत एक घट्ट झाकणाची छोटी बाटली बसवा, झाकणातून दोन नळ्या आत घातलेली. ओढ जास्त झाली तर पाणी त्या बाटलीत पडेल, इंजिनात जाणार नाही. बाटली कडक प्लास्टिकची हवी, मऊ असेल तर चेपून आकडा बिघडतो.

दोन ठिकाणी मोजायचं. पहिलं ठिकाण फिल्टरच्या आधी: बॉक्सच्या खालच्या भागाला ५ मिमीचं भोक पाडून नळी घट्ट बसवा, काम झालं की त्याला रबरी बूच. दुसरं ठिकाण फिल्टरनंतर: तिथे भोक पाडायचं नाही. व्हॉल्व्ह कव्हरवरून रबरी बुटाला जी ब्रीदर नळी येते तिच्यात तात्पुरता टी-जॉइंट टाका. ब्रीदरमधून वाहणारी हवा इतकी थोडी असते की मापात फरक पडत नाही.

रिकामा, सरळ रस्ता आणि शेजारच्या सीटवर दुसरा माणूस हवाच. दुसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल, ६००० पर्यंत. वेग ८० च्या पुढे जातो, तेव्हा जागा तशी निवडा. शेजाऱ्याने फळीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, आकडा नंतर थांबवून वाचायचा. चालवणाऱ्याने फळीकडे बघायचं नाही. गाडी उभी ठेवून रेस देऊन मोजणं व्यर्थ आहे, कारण बिनभाराच्या इंजिनाला ६००० वर ठेवायलाही थ्रॉटल जेमतेम उघडतं आणि हवा फारशी वाहतच नाही.

वाचायचं कसं? दोन पायांतल्या पाण्याच्या पातळीतला फरक मिलिमीटरमध्ये घ्या. १०० मिमी पाणी म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा १ टक्का. पूर्ण थ्रॉटलवर तेवढीच, साधारण १ टक्का, ताकद त्या अडसराने खाल्ली. समजा फिल्टरनंतर २०० मिमी आणि फिल्टरच्या आधी १२० मिमी आले. म्हणजे पुढच्या नळीत १२० आणि फिल्टरमध्ये ८० जातात. अशा गाडीत फिल्टर महागातला घेऊन उपयोग नाही, दोष नळीत आहे. आकडे उलटे आले तर आधी नवा कागदी फिल्टर टाका आणि पुन्हा मोजा. कित्येकदा काम तिथेच संपतं.

या मोजमापाने एक गोष्ट स्वच्छ होते. एकूण ओढच २०० मिमी असेल, तर जगातला कुठलाही इनटेक लावून अडसर कमी करण्यातून २ टक्क्यांपेक्षा जास्त मिळणार नाही. "१० हॉर्सपॉवर वाढेल" असं कोणी सांगितलं तर हा आकडा समोर ठेवा.

पाइप किती मोठा

चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा घेतं. १.१९७ लिटर, ६००० आरपीएम: मिनिटाला ३५९१ लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५-९० टक्के धरले तर सुमारे ३१०० लिटर, म्हणजे सेकंदाला ५२ लिटर.

आता हीच हवा वेगवेगळ्या आतल्या व्यासांतून नेऊ. ४० मिमीमधून तिचा वेग सेकंदाला ४१ मीटर होतो, ५० मिमीमधून २६, ६३ मिमीमधून १७ आणि ७५ मिमीमधून १२. अडसर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० मिमीच्या वाटेत एका वाईट वळणाला किंवा कापलेल्या धारदार तोंडाला १०० मिमी पाणी सहज जातं. ५० मिमीला तेच ४० मिमी आणि ६३ मिमीला १६-१७ मिमी. ७५ ला ८ मिमी, म्हणजे ६३ वरून ७५ वर गेल्याने हाती फारसं लागत नाही आणि जागा मात्र खूप जाते. या इंजिनाला ६० ते ६५ मिमी आतला व्यास योग्य. १.५ लिटरच्या इंजिनाला ७० च्या आसपास धरा.

आवाज दाबण्यासाठी कंपन्या तोंड मुद्दाम लहान ठेवतात. नळीला लटकलेला बंद डबा असतो तो रेझोनेटर. तो हवा अडवत नाही, ठरावीक आरपीएमचा घुमणारा आवाज शोषतो. जागा अडत नसेल तर तो ठेवाच. काढला तर गाडीच्या आत एका ठरावीक वेगाला कान दुखवणारी घुमघुम बसते.

सामान

६३ मिमी आतल्या व्यासाचा, १.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम पाइप, साधारण अर्धा मीटर. वळणांसाठी त्याच मापाचे सिलिकॉन किंवा जाड रबराचे एल्बो, शक्यतो ४५ अंशांचे दोन. ९० अंशांचं एक तीव्र वळण घेण्यापेक्षा ४५ ची दोन बरी. १२ मिमी पट्टीच्या स्टेनलेस होज क्लिपा सहा. आच अडवायला १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन फूट बाय एक फूट. पत्र्याच्या कडांना रबर बीडिंग, दोन मीटर. ६ मिमीचे बोल्ट, नायलॉक नट, रबरी वॉशर. तोंडाला बसवायची ५-६ मिमी भोकांची तारेची जाळी. वाट फार वाकडी असेल तर कापडावर निओप्रीन चढवलेला, तारेच्या वेटोळ्याचा डक्ट होज चालतो, पण तो पूर्ण ताणून बसवायचा. सैल ठेवला की आतल्या घड्या उठतात आणि अडसर गुळगुळीत पाइपाच्या दुप्पट-तिप्पट होतो.

नळाचा पीव्हीसी पाइप स्वस्त आणि हाताशी असतो, म्हणून अनेक जण तोच घेतात. तो ७५-८० अंशांना मऊ पडतो. रेडिएटरच्या पुढे एक वेळ टिकेल, मागे नाही. किचन चिमणीचा चंदेरी फॉइल पाइप तर वापरूच नका. थरथरीने काही महिन्यांत फाटतो आणि फॉइलच्या चिंध्या फिल्टरवर जाऊन बसतात.

तोंडाची जागा

सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत मोठा आहे. जागा अशी हवी: बाहेरची हवा थेट पोचेल, पण पावसाचं आणि पुढच्या गाडीच्या चाकाचं पाणी थेट येणार नाही. एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तोंड नको, तिथली हवा कंडेन्सरने आधीच तापवलेली असते. कंडेन्सरच्या पुढे किंवा बाजूला, वरच्या आडव्या पट्टीच्या पातळीवर ठेवा.

उंचीचा नियम कडक आहे. नवं तोंड मूळ तोंडापेक्षा खाली जाता कामा नये. परदेशी व्हिडिओंमध्ये पाइप फेंडरमधून खाली बंपरच्या जाळीपर्यंत नेलेला दिसतो. मुंबईत पाणी तुंबलेल्या रस्त्यावर ती रचना इंजिन मारते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलं की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यासाठी पूर्ण बुडायची गरज नसते, शेजारून गेलेल्या बसने उडवलेली एक लाटही पुरते.

वेगाने हवा आत कोंबली जाईल या आशेने तोंड समोर करण्यातही फारसं नाही. ताशी १०० किमीला हवेचा पूर्ण दाब ४५ मिमी पाणी, म्हणजे अर्धा टक्काही नाही. त्यापेक्षा तोंड थोडं खाली झुकवून पाणी टाळणं शहाणपणाचं.

काम, क्रमाने

इंजिन थंड असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह क्लिप दहा नंबरच्या पान्याने सोडवा. बहुतेक गाड्यांत एअर बॉक्स बॅटरीला चिकटून असतो, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा पॉझिटिव्हला लागला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. ही पायरी कोणी गाळू नये.

बॉक्सचं झाकण उघडून फिल्टर काढा, रबरी बूट थ्रॉटलवरून न काढता त्याचं बॉक्सकडचं तोंड स्वच्छ कापडाचा बोळा घालून बंद करा. बोळा मोठा आणि रंगीत हवा, विसरला जाणार नाही असा. बॉक्सचा खालचा भाग पूर्ण गाडीबाहेर काढा. कापाकापी टेबलावरच करायची.

मूळ नळी काढून जपून ठेवा. बॉक्सचं तोंड ६० मिमीपेक्षा लहान असेल तर ते कानशीने मोठं करता येतं, पण भिंतीची जाडी किमान अडीच मिमी उरली पाहिजे. तेवढी उरत नसेल तर नाद सोडा, आखूड अंतराच्या अरुंद तोंडाने फार बिघडत नाही. कापल्यावर साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा. बॉक्सच्या तळाला पाणी निघून जायचं छोटं भोक असतं, ते बुजवू नका.

पाइपाची वाट आधी पुठ्ठ्याच्या नळीने बसवून बघा. रेडिएटरच्या पंख्यापासून किमान २५ मिमी, एक्झॉस्टच्या पत्र्यापासून १०० मिमी, बॉनेट बंद केल्यावर वर १० मिमी मोकळं. बॉनेटची जागा तपासायला पाइपावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून बॉनेट हळूच बंद करा, कणीक किती चेपली ते बघा. इंजिन मोठ्या थ्रॉटलला माउंटिंगवर हलतं. बॉक्स बॉडीला बांधलेला असतो, म्हणून नवा पाइपही बॉडीलाच बांधायचा. एक टोक इंजिनाला आणि एक बॉडीला बांधलं की महिन्याभरात क्लिपेजवळ चीर पडते.

पाइप हॅकसॉने कापा, आतली-बाहेरची बर (कापताना उठलेली धारदार कड) काढा. पुढच्या तोंडाला गोलाई द्या. धारदार, उघड्यावर कापलेल्या तोंडाला जेवढं नुकसान होतं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास नुकसान १२-१५ मिमीच्या गोलाईला होतं. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग करणारा गाठून कडेला गोल सळईचं कडं लावून घेता येतं. ते जमत नसेल तर जाड रबरी फनेल कापून पाइपात बसवा. सगळ्या कामात कमी खर्चात जास्त देणारी वस्तू हीच.

जोडावर होज आणि पाइप किमान २० मिमी एकावर एक आले पाहिजेत. क्लिप होजच्या कडेपासून ५ मिमी आत, हाताने स्क्रू ड्रायव्हर घट्ट होईपर्यंत आणि वर पाव फेरा. जास्त आवळली तर क्लिप सिलिकॉन कापते.

पाइपाच्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ मिमीचं भोक पाडा, पावसाचं पाणी तिथून जाईल. तोंडाला तारेची जाळी. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका, आठवड्याभरात किडे आणि धुळीने ती बंद होते.

पत्र्याचा आडोसा बॉक्स आणि इंजिन यांच्या मध्ये, बॉक्सपासून १०-१५ मिमी अंतर ठेवून. मधली हवेची फट महत्त्वाची, पत्रा बॉक्सला चिकटवला तर तोच तापून उष्णता आत देतो. सर्व कडांना बीडिंग, आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हवर रबरी टोपी आहे ना ते पाहा. वायरिंग पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर वाट बदला.

बोळा काढा. फिल्टरचं सील चारही बाजूंनी खोबणीत बसलं का ते बोट फिरवून बघा, झाकणाच्या सगळ्या क्लिपा लावा. सेन्सरचा कनेक्टर खटका ऐकू येईपर्यंत बसवा. मग बॅटरी.

फिल्टरविषयी दोन शब्द

कंपनीचा कागदी फिल्टर धूळ पकडण्यात उत्तम असतो. तेल लावायच्या कापडी फिल्टरमध्ये अडसर थोडा कमी, पण तेल जास्त झालं तर ते एअरफ्लो सेन्सरच्या (काही गाड्यांत आत जाणारी हवा मोजणाऱ्या) तापलेल्या तारेवर बसतं आणि मापं चुकतात. कच्च्या रस्त्यावर, खडी क्रशरच्या किंवा खाणींच्या भागात गाडी फिरत असेल तर कागदीच ठेवा. कॉम्प्रेसरची नळी अगदी जवळ धरून फिल्टर फुंकायची सवय वाईट, कागद फाटतो आणि डोळ्याला दिसत नाही. फुंकायचाच असेल तर हात लांब ठेवून, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. नंतर मागे बल्ब धरून बघा, टाचणीएवढा उजेड दिसला तरी तो फिल्टर फेका. रस्त्याच्या धुळीत सिलिका असते, ती सिलिंडर आणि रिंगा झिजवते.

झाल्यावर तपासणी आणि बिघाड

त्याच रस्त्यावर, त्याच क्रमाने तापमान आणि ओढ पुन्हा मोजा. चांगल्या कामात ६० च्या वेगाचा फरक १५-२० अंशांवरून ५ च्या आसपास येतो आणि फिल्टरआधीची ओढ निम्म्याहून खाली. म्हणजे धावत्या गाडीत ४-५ टक्के हवा जास्त. मुंबईहून महाबळेश्वरला चढताना हवेचा दाबच १५ टक्के कमी होतो, ते कुठलाही पाइप भरून देत नाही, एवढं प्रमाण लक्षात ठेवा. मायलेज वाढत नाही. अर्ध्या थ्रॉटलवर जाताना इंजिनाला लागेल तेवढीच हवा तुम्ही पायाने देत असता, हवा दाट झाली की पाय थोडा कमी दाबला जातो, इतकंच.

ओबीडीवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (इसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांची) बेरीज बघा. अधिक-उणे ८ टक्क्यांच्या आत ठीक. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत ती अधिक १० च्या वर गेली तर सेन्सरनंतर कुठेतरी हवा शिरतेय किंवा सेन्सरच चुकतोय. पी०१७१ हा बिघाडाचा कोड येतो तो बहुधा याच कारणाने. पी०११३ आला तर तापमान सेन्सरचा कनेक्टर सुटलेला किंवा वायर तुटलेली. आयडल चढलेलं राहत असेल तर थ्रॉटल आणि इंजिन यांच्या मधला एखादा होज हलला आहे.

ज्या गाड्यांत बॉक्सच्या तोंडाशी चार-पाच वायरींचा एअरफ्लो सेन्सर असतो, तिथे सेन्सर ज्या नळीत आहे तिचा व्यास कधीही बदलू नका. सेन्सर आपल्या जागेवरच्या हवेचा वेग वाचतो आणि इसीयू त्यावरून एकूण हवा ठरवतो. नळी रुंद केली की वेग उतरतो, इंधन कमी पडतं. सेन्सरच्या अगदी आधी तीव्र वळण आणलं तरी हाच घोळ. प्रेशर सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांना हे बंधन नाही, पण त्यांच्यात फिल्टरनंतरची गळती ट्रिममध्ये दिसत नाही. धूळ मात्र आत जात राहते. ती पकडायची रीत अशी: बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, सीलच्या जवळ ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. ५०० किमीनंतर उघडा. ग्रीसवर जिथे धुळीची रेघ दिसेल तिथून गळती आहे.

नळीत बसवायचे फिरते पंखे विकले जातात, ते फक्त अडसर वाढवतात. विजेवर चालणाऱ्या छोट्या ब्लोअरचाही हिशेब करून बघा. ५२ लिटर हवा १० किलोपास्कलने दाबायला निव्वळ ५२० वॅट लागतात, निम्म्या कार्यक्षमतेने १ किलोवॅट, १२ व्होल्टवर ८५ अँपिअर. हातात मावणाऱ्या खेळण्यातल्या मोटरीला ते शक्य नाही.

कायदा, विमा, पावसाळा

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून हटणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोर वाचलं. कलम १९०(२) धूर आणि आवाज दोन्हींना लागतं. उघडा कोन फिल्टर बॉनेट उघडताच नजरेत भरतो. फिल्टरआधीची नळी बदलली म्हणून आपोआप सूट मिळते असंही नाही. त्यामुळे बीएस-६ गाडीत हे काम करण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, मूळ नळी सांभाळा आणि सगळं अर्ध्या तासात पूर्ववत होईल असंच बांधा. काम झाल्यावर पीयूसी नव्याने करून घ्या. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. धडधाकट गाडी तिच्या बरीच खाली असते, म्हणून कामाआधीच्या पावतीशी आकडे ताडून पाहा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. साध्या पॉलिसीत पाण्याने इंजिन गेल्याचं नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कवच लागतं, आणि न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो.

मृगाच्या आधी दर वर्षी तोंडाची जाळी, खालचं ६ मिमीचं भोक आणि बॉक्सच्या तळाचं भोक तारेने मोकळं करा. जोरदार पावसातून आल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा बॉक्स उघडून फिल्टरला हात लावा. तळाशी चार थेंब असतील तर हरकत नाही, कागद ओला लागला तर तोंड आणखी झुकवा किंवा पुढे पत्र्याची पट्टी आडवी बांधा. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून कोरड्यावर घ्या, फिल्टर काढून बघा. तो भिजलेला असेल तर चारही स्पार्क प्लग काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.